सनई नाही, बेंजो

लग्न होऊन मी पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातून रोह्यात आले. नवरा कंपनीत शिफ्टला जायचा आणि लग्नसराईत बेंजो वाजवायचा. पहिली शिफ्ट संपवून तो घरी आला की त्याची बेंजो पार्टी, म्हणजे बरोबर वाजवणारी पोरं, आमच्या पडवीत सरावाला जमायची. ढोलकी, ताशा, झांज आणि मधोमध मांडीवर बेंजो घेतलेला तो. आतल्या फळीवरची भांडी थरथरायची.

मी कथा लिहायला लागले ती या आवाजातच. आधी इलाज नव्हता म्हणून. घर दोन खोल्यांचं, जाणार कुठे? पण हळूहळू ध्यानात आलं की सराव नसेल त्या दिवशी माझं वाक्य पुढे सरकत नाही. नवरा एकच चाल पुन्हा पुन्हा घ्यायचा, दर वेळी थोडी चढवत न्यायचा, आणि मग सगळे एकदम थांबायचे. त्या थांबण्याने अंगावर काटा यायचा. कथेत कुठे थांबायचं ते मी तिथे शिकले. तो कधी विचारायचा, हळू वाजवू का. मी म्हणायचे, उलट वाढव.

अशीच एक कथा झाली. मिठागरात राबणाऱ्या घरातली मुलगी. हळदीच्या दिवशी अंगभर हळद माखून पाटावर बसलीय, समोर बेंजो वाजतोय, सगळे तिच्यासाठी नाचतायत आणि तिने मात्र हलायचं नाही. ती उठते आणि नाचते. सासरची माणसं बघत राहतात. एवढीच गोष्ट.

गावातल्या साहित्य मंडळाचा वार्षिक अंक निघायचा. त्याचे संपादक कॉलेजातून निवृत्त झालेले सर होते. त्यांनी मला घरी बोलावून चहा दिला, कथा चांगली आहे म्हणाले, फक्त दोन गोष्टी बदला. वाक्यं फार धावतात, ती शांत करा. आणि बेंजोऐवजी सनई करा, म्हणजे प्रसंगाला उंची येईल. लिहिण्याआधी ऐकत जा म्हणून त्यांनी बासरीची एक कॅसेटही दिली.

माणूस वाईट नव्हता. मी कॅसेट खरोखर ऐकली, आठवडाभर ऐकली. बासरी गोड होती, पण तिच्यावर माझी मुलगी पाटावरून उठेचना. कुंडलिका नदीच्या पाण्याकडे बघत नुसती बसून राहिली. बासरी ऐकत नव्याने लिहिलेली ती पानं मी फाडली, कॅसेट परत नेऊन दिली आणि कथा मागितली.

सर म्हणाले, "ताई, हट्ट करू नका. अंकात नाव येईल."

"नको येऊ दे," मी म्हटलं. "ती सनईवर नाचत नाही."

घरी सांगितलं तर नवराच चिडला. "आमच्या बेंजोपायी तू कशाला वाकडेपणा घेतंस गो? सनई लिही, आमाला काय राग नाय."

मी म्हटलं, मला राग आहे.

त्यानंतर मंडळाचं बोलावणं बंद झालं. कथा दोन ठिकाणांहून परत आली, तिसऱ्या दिवाळी अंकाने छापली, एक शब्द न बदलता. पुढे आणखी कथा जमल्या आणि पेणच्या एका छापखानेवाल्याने पुस्तक काढायचं ठरवलं. प्रकाशन पेणलाच ठरलं, पण अध्यक्ष तेच सर, कारण त्यांच्याशिवाय आमच्या भागात सभा होत नसे. सुरुवातीला बासरीवादन ठेवलं होतं. मी म्हटलं, बेंजो ठेवा, नाहीतर मी येत नाही.

"अहो, साहित्याचा कार्यक्रम आहे, हळद नाही," छापखानेवाले म्हणाले.

"पुस्तकात हळदच आहे."

टेम्पोत वाद्यं घालून पार्टी रोह्याहून आली. वाचनालयाच्या हॉलमध्ये पहिला ठोका पडला तसे पुढच्या रांगेतले तिघेचौघे उठून गेले. मागे माझ्या माहेरच्या बायका होत्या. सभा आहे म्हणून त्या जागच्या उठल्या नाहीत, पण पाय कुणाचेच थांबले नव्हते. वाजवणं संपलं आणि त्याच दमात मी कथा वाचली. वाचताना माझा आवाज कापला नाही, याचं मला आजही बरं वाटतं.

सर शेवटपर्यंत बसले होते. भाषणात त्यांनी पुस्तकाचं कौतुक केलं आणि म्हणाले, "सनईबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही."

मी जागेवरूनच म्हटलं, "माझंही नाही, सर."

लोक हसले. तेही हसले. मग चहा झाला.

आता हळदीला डीजे लागतो आणि पार्टी केव्हाच मोडली. नवरा निवृत्त झालाय. संध्याकाळी पडवीत एकटाच वाजवतो, बोटं पूर्वीसारखी पळत नाहीत. मी अजून तिथेच लिहिते. मध्यंतरी एका वार्ताहराने विचारलं, लिहिताना कोणतं संगीत ऐकता? मी सांगितलं. त्याने वहीत 'लोकसंगीत' असं लिहिलं. मी त्याला ते खोडायला लावलं. बेंजो लिहा, म्हटलं, आणि तसंच छापा.