कॉफीच्या मशीनची खंडेनवमी

आमच्या घरात कॉफी कोणी पीत नाही, म्हणून आम्ही कॉफीचा धंदा काढायचं ठरवलं.

खरं कारण मी होतो. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी धायरीच्या फ्लॅटमध्ये येऊन बसलो, म्हणजे बसलो नाहीच! उभा जन्म मेंटेनन्समध्ये गेलेला माणूस, हातांना चैन पडेना. पंखा उत्तम फिरत होता, तो उतरवून साफ केला (त्यानंतर तो मनात आलं तर फिरतो). दाराची बेल सुधारली, तेव्हापासून ती शेजाऱ्यांकडे वाजते. गिझर उघडायला पाना काढला, त्या दिवशी बायको, सुनंदा, अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, एक तर तुम्ही घराबाहेर काहीतरी काम बघा, नाहीतर मी बघते."

ती शांतपणे बोलली की मला भीती वाटते.

आमची लेक ऋचा हडपसरला एका आयटी कंपनीत नोकरीला. तिथल्या पँट्रीत कॉफीचं काउंटर चालवायला माणूस हवा होता. तिने बापासाठी शब्द टाकला. निरोप आला, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन या, कॉफी पाजून दाखवा, जमलं तर काउंटर तुमचं. मी अख्खं पुणं पालथं घालून एक जुनं मशीन मिळवलं. वर कॉफीच्या बियांचा डबा, त्याखाली चक्की, त्याखाली गाळणी. बटण दाबलं की बी दळली जाऊन कॉफी थेट कपात. टीव्ही हलवून त्याच्या जागी हे धूड बसवलं. सोबत आलेलं माहितीपुस्तक मी न उघडता कपाटावर टाकलं. पुस्तकं शिकाऊंनी वाचायची, फोरमनने नव्हे!

मध्येच खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी लेथपासून क्रेनपर्यंत सगळ्या यंत्रांची पूजा व्हायची आणि आमच्या शॉपची पूजा माझ्या हातची असायची. निवृत्तीनंतरही पुजायला एक यंत्र मिळालं, या विचाराने मला खरंच भरून आलं. मशीनला गंध लावलं, झेंडूचा हार घातला. सुनंदाने अक्षतांची वाटी पुढे केली. आता यंत्राचा प्राण असतो फिरत्या भागात. तो सोडून प्लॅस्टिकच्या झाकणावर अक्षता वाहणार? मी डब्याचं झाकण काढलं.

"बाबा, आत नको ना," ऋचा म्हणाली.

मी तिला यंत्रपूजेतल्या माझ्या अनुभवाविषयी थोडं ऐकवलं आणि घसघशीत मूठभर अक्षता आत वाहिल्या. त्या दोघींनाही वाहायला लावल्या. संध्याकाळी फुलं काढली (बहुतेक सगळी). तांदूळ बियांमधून खाली उतरले होते. दिसत नव्हते, अर्थात नव्हतेच. पुजलेलं यंत्र त्या दिवशी चालवायचं नाही हा कारखान्याचा दंडक, त्यामुळे चाचणी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी तर दसराच.

तिसऱ्या दिवशी टेम्पोतून मशीन हडपसरला पोचलं. माझ्यासोबत सुनंदा, हातात सोन्याची पानं. समोर कंपनीच्या अ‍ॅडमिन मॅडम, ऋचाचे साहेब आणि फुकट कॉफीच्या बातमीने जमलेली ऋचाच्या वयाची तीसेक पोरं. मी छाती काढून बटण दाबलं.

मशीन दिवे घाट चढणाऱ्या ट्रकसारखं कण्हलं. कपात एक थेंब पडला. सगळे त्या थेंबाकडे बघत राहिले. मी पुन्हा बटण दाबलं, मग पुन्हा. आत दळलेल्या तांदळाला उकळतं पाणी मिळत होतं, आणि त्याचं जे व्हायचं ते गाळणीत शिजत होतं. लेथ अडला की मी बाजूने एक चापट मारायचो. तशीच इथे मारली. त्यासरशी फस्सकन आवाज झाला, मशीनचा पुढचा कप्पा उघडला आणि तपकिरी रंगाची दाट पेज मॅडमच्या दिशेने निघाली! शेवटी कपात अलगद येऊन पडली ती झेंडूची पाकळी.

"ये कौनसा फ्लेवर है, काका?" मॅडमनी विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऋचाकडे पाहिलं, तर ती कुणाचा तरी फोन आल्यासारखी खिडकीकडे निघाली होती (फोन टेबलावरच होता). मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला. तेवढ्यात सुनंदाने माझ्या हातात सोन्याची पानं दिली, म्हणजे माझे दोन्ही हात अडकले, आणि मला बाजूला सारलं. तिने गाळणी ओढून काढली, नळाखाली धरली, बांगडीची सेफ्टी पिन काढून जाळीतला एकेक कण टोकरला. डबा रिकामा करून पुसला, नव्या बिया भरल्या. पहिले काही कप ओतून दिले. पुढचा कप मॅडमसमोर ठेवला.

मॅडमनी घोट घेतला. पोरं थांबली. गिझर, पंखा, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. हे काउंटर हुकलं तर मी पुन्हा धायरीत, पाना घेऊन!

"गुड," मॅडम म्हणाल्या. "आंटी चालवणार असतील तर काउंटर डन. काका, आप प्लीज मशीन को हात मत लगाना."

तेव्हापासून सुनंदा रोज सकाळी डबा घेऊन हडपसरला जाते. हे सगळं घडवून आणलं कशासाठी, तर मी घराबाहेर पडावं म्हणून! खंडेनवमीला मलाही मानाने बोलावतात. अक्षता लांबून, झाकणावर. बाकी वर्षभर मी घरी. दुपारी न चुकता तिचा फोन येतो, काही उघडलं नाहीत ना म्हणून. मी ठामपणे नाही म्हणतो. आत्ताही म्हणालो. मिक्सर पूर्ण जोडून झालाय, फक्त हातात दोन स्क्रू उरलेत.