स्टँडबाय, सर

आजी विमान चालवायची, हे तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. एका माणसाने ते जवळजवळ बंद पाडलं होतं, हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. त्याला मी माफ केलं नाही, आजही केलेलं नाही. आता सगळं क्रमाने लिहिते.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. कॉलेज संपवून मी बंगळूरच्या फ्लाइंग क्लबात शिकत होते. विद्यार्थ्यांत मुलगी मी एकटीच. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चिकपेटेत साड्यांचं दुकान होतं. आमचं घराणं इथे इतक्या पिढ्यांपासून आहे की घरातल्या मराठीत कानडी कधी मुरली ते कुणालाच आठवत नाही. 'थोडं' म्हणायचं तर 'स्वल्प', आणि 'बरं, ठीक आहे' म्हणायचं तर 'सरी'. आमचे शिक्षक पुण्याकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. माझ्या तोंडून 'सरी' निघालं की ते सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत, "बाई, ही मराठी आहे की बिसीबेळेभात?" म्हणजे कानडी खिचडी. मुलं हसायची. मीही हसायचे. तोवर मला त्यांचा राग नव्हता.

एके दिवशी सर आणि मी होसकोट्याच्या तळ्यापर्यंत जाऊन परत येणार होतो. वाटेत मोठ्या विमानतळाच्या ताब्यातलं आकाश लागे. त्यात शिरायचं तर आधी रेडिओवरून परवानगी घ्यावी लागायची. विमानात दोन खुर्च्या शेजारीशेजारी. डावीकडे मी, उजवीकडे ते. रेडिओचा आवाज डोक्यावरच्या स्पीकरमधून यायचा आणि इंजिनाच्या घरघरीत अर्धा विरून जायचा. सरांनी परवानगी मागितली. उत्तर आलं, "स्टँडबाय." म्हणजे थांबा, आम्ही सांगेपर्यंत आत येऊ नका.

"काय म्हणाला?" सरांनी मला विचारलं. हे ते नेहमीच विचारत. माझी परीक्षा घेतात, असं मला वाटे.

"स्टँडबाय, सर."

त्यांनी मान हलवली आणि विमान सरळ आत घातलं. मी "सर, सर!" म्हणून ओरडले. तोवर समोर उतरायला आलेलं प्रवासी डकोटा विमान दिसलं. त्याने पंख वाकडा करून आम्हाला टाळलं. इतक्या जवळून गेलं की त्याच्या खिडक्या दिसल्या.

खाली आल्यावर क्लबच्या प्रमुखांनी सगळ्यांसमोर जाब विचारला. सर शांतपणे म्हणाले, "मी हिला विचारलं, काय म्हणाला. ही म्हणाली, 'सरी'. म्हणजे परवानगी मिळाली, असं मी समजलो."

"मी 'सर' म्हटलं! 'स्टँडबाय, सर'!"

"दिवसभर सरी-सरी करतेस," एक मुलगा मागून म्हणाला, "तेवढंच एकदा नाही म्हणालीस होय?"

सगळे हसले. प्रमुखही हसले. मग म्हणाले, रेडिओ नीट ऐकायला शिकेपर्यंत तुमचं एकटीचं उड्डाण बंद. ते उड्डाण झालं नाही तर लायसन्स नाही. आणि घरी अण्णांनी लायसन्ससाठी एकच वर्ष दिलं होतं, पुढे लग्न.

अण्णा म्हणाले, "सोडून दे गं. स्वल्प सबूर कर." मी सबूर केली, पण सोडून दिलं नाही.

एकच गोष्ट मला छळत होती. 'सर'चं 'सरी' ऐकू येऊ शकतं, पण त्याच्या आधीचं अख्खं 'स्टँडबाय' कुठे गेलं? दुसऱ्या दिवसापासून मी सरांच्या डाव्या हाताला उभी राहू लागले. वर्गात डावीकडून शंका विचारली, उत्तर नाही. तीच शंका उजवीकडच्या मुलाने विचारली, लगेच उत्तर. एकदा डावीकडूनच, अगदी सहज आवाजात म्हटलं, "सर, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय." त्यांनी हसून मान डोलावली आणि तसेच चालत राहिले.

मी कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर प्रमुखांनी सरांना खाजगीत समज दिली असती आणि प्रकरण मिटलं असतं. मला ते मिटायला नको होतं.

पुढच्या महिन्यात सरकारी तपासनीस आले. पाहुण्यांना चहा देण्याचं काम, मुलगी म्हणून, माझ्याकडे असायचं. त्या दिवशी मी ते फार आनंदाने केलं. खुर्च्या मीच मांडल्या. तपासनिसांना सरांच्या डाव्या हाताला बसवलं आणि चहा ओतायला लागले.

तपासनिसांनी विचारलं, "एकट्याने उडायला तयार असे किती विद्यार्थी आहेत तुमच्याकडे?"

सर म्हणाले, "दोन चमचे."

हशा पिकला. तपासनिसांना थट्टा वाटली. त्यांनी पुन्हा विचारलं.

"नको, नको, दूध पुरे," सर म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही. मी किटली खाली ठेवली. "साहेब, उजवीकडून विचारा. डावीकडचं त्यांना ऐकू येत नाही. विमानात मी डावीकडे बसते."

डॉक्टरी तपासणीत त्यांचा डावा कान गेलेला निघाला. त्यांचं उडणं थांबलं. प्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावून हळूच सांगितलं, तुमची बंदी उठवली, आता विषय वाढवू नका. मी म्हटलं, "बंदी चारचौघांत घातलीत, मग केबिनमध्ये कशी उठवता?"

बाहेर सर उभे होते. त्यांच्या उजव्या बाजूला जाण्याची सभ्यता मी दाखवली. ते म्हणाले, "नोकरी गेली माझी, बाई. आणखी काय हवंय?"

"जे बोललात ते परत घ्या. जिथे बोललात तिथे."

संध्याकाळी हँगरमध्ये सगळे जमले. सर खाली बघत पुटपुटले, "तिने बरोबर सांगितलं होतं. मला ऐकू आलं नाही."

मागच्या रांगेतून मी म्हणाले, "मोठ्यानं, सर. इथे ऐकू येत नाही."

एका मुलाने माझा हात दाबला, पुरे कर म्हणून. मी तो झटकला. सरांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाले. या वेळी ते बाहेरच्या मेकॅनिकांनाही ऐकू गेलं.

मी प्रमुखांना म्हटलं, "उद्या सकाळचं विमान मला हवंय. शेजारची खुर्ची रिकामी ठेवा."