वटवाघळांचं उष्टं

माहेरच्या घराची किल्ली आता माझ्याकडेच असते. दसरा झाला की एक रविवार काढून कोपरखैरण्याहून द्रोणागिरीच्या पलीकडल्या आमच्या गावी जायचं, झाडलोट करायची आणि दिवेलागणीच्या आत परतायचं, असं ठरवून निघते. तीन वर्षांत एकदाही वेळेत परतलेली नाही.

परसात बदामाचं झाड आहे, आपलं देशी. ऑक्टोबरात संध्याकाळी खाडीतल्या तिवरांच्या झाडीकडून वटवाघळं येतात. फळाचा वरचा गर खातात आणि आतली बी टाकून देतात. ती पडवीच्या पत्र्यावर पडते, ठप्प. लहानपणी बाबा आणि मी पायरीवर बसून ते बघायचो. आधी शेपटी नाचवत धोबी पक्षी अंगणात एक फेरी मारून जायचा. तो गेला की वटवाघळांची पाळी.

"बिनपगारी कामगार हायेत आपले," बाबा म्हणायचा.

सकाळी आम्ही बिया वेचायचो, उन्हात वाळवायचो, दगडावर उभ्या धरून फोडायचो. ढीगभर फोडाव्यात तेव्हा मूठभर बदाम निघायचे. माझं लग्न झाल्यावर ते दरवर्षी स्टीलच्या डब्यातून माझ्याकडे यायला लागले.

मग वटवाघळांमुळे रोग होतात असं जो तो बोलू लागला. मी मुळातच फटकळ, त्यात घरात तान्हं मूल. फोनवर बाबाला फाडफाड बोलले. "वटवाघळांचं उष्टं माझ्या घरात नको, बाबा. सांगून ठेवते."

"बरं गं बाय," एवढंच म्हणाला.

तरी त्या वर्षी डबा आलाच. माझं डोकं फिरलं. म्हातारा ऐकायचा नाही तो नाहीच! डबा तसाच ओल्या कचऱ्यात उपडा केला आणि उकळत्या पाण्याने धुतला.

आठवड्याने त्याचा फोन. "कसं होतं बदाम?"

"मस्त. नेहमीसारखे."

"काय फरक वाटला का?"

"नाही रे. अगदी तसेच."

"बरं," म्हणाला, आणि मग बाळाचं विचारत बसला. त्या थंडीतच तो गेला.

पुढच्या दसऱ्यानंतर मी पहिल्यांदा एकटी घर उघडायला गेले. उन्हं कलली होती. झाडात वर, फांद्याफांद्यांना पांढरी गाठोडी लोंबत होती. मी चांगलीच दचकले. शेजारची काकी कुंपणापाशी उभी होती, तिला विचारलं.

"मच्छरदानीचं तुकडं हायेत," ती म्हणाली. "तुज्या बापसानी बांधलेत. या वयान शिडी लावून चढायचा. मी बोल्ली, दादा, हातपाय मोडशील. तं बोल्ला, पोरीला वाघलांचा उष्टा चालत नाय. मंग एकेक बदाम सुरीनी सोलीत बसायचा. बोटां काली झालती त्याची."

काकी गेली. मी पायरीवर बसले ती उठलेच नाही. रडूही आलं नाही, फक्त स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

जाळ्या मी अजून काढलेल्या नाहीत. चिरगुटं झाली आहेत त्यांची. वारा आला की हलतात आणि कुणीतरी शिडीवरून हात लांबवतंय असं वाटतं. मला भीती वाटते, तरी मी बसून राहते. धोबी फिरून जातो. कंटेनर यार्डाचे दिवे लागतात. मग वटवाघळं येतात.

यंदा पत्र्यावरून घरंगळलेली एक बी मी उचलली. दातांच्या खुणा ताज्या होत्या. त्याच दगडावर फोडली आणि न धुता खाल्ली. चव तीच, लहानपणची. बाबाने सोललेल्या बदामांची कशी होती ते मला सांगता येणार नाही, आणि वर ठप्प झालं की तो तेवढंच विचारतो, काय फरक वाटला का?