अडतीस छातीचा मॅनेजर

माझ्या मामाचं फुटबॉलमधलं एकही भाकीत आजवर चुकलेलं नाही. क्लबात नवा मॅनेजर आला की मामा पहिल्याच आठवड्यात सांगतो, "हा टिकत नाही," आणि तो टिकत नाही. नऊ वर्षांत आमच्याकडे अकरा मॅनेजर झाले, अकराही टिकले नाहीत. एवढं भाकीत तर माझं मांजरही करेल. पण मांजर सातव्या रांगेत उभं राहून ओरडत नाही. मामा ओरडतो.

ओरडायची पद्धतसुद्धा ठरलेली. पहिली मॅच तो नव्या माणसाला माफ करतो. दुसरीला नुसता सुस्कारा सोडतो, पण पुढच्या दोन रांगांना ऐकू जाईल असा. तिसरी मॅच हरलो की उभा राहतो, चष्मा काढून खिशात ठेवतो आणि ओरडतो, "काढा याला!" मग सातवी रांग ते उचलते, मग आठवी, मग सगळी पूर्व बाजू. चष्मा का काढतो, हे त्याने कधी सांगितलं नाही. समोरचा माणूस नीट दिसला तर ओरडणं जड जात असावं. मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसते, ओरडणारी माणसं माझ्या रोजच्या ओळखीची आहेत. त्यांना निदान वीज तरी हवी असते. मामाला काय हवं असतं, असं मी एकदा विचारलं. "शिस्त," तो म्हणाला.

मामा शिंपी आहे. स्टेडियमच्या मागच्या फाटकासमोर त्याचं एका खोलीचं दुकान. एक मशीन, एक लांब टेबल, आणि एक उभा आरसा, ज्याचा खालचा पारा उडाल्यामुळे गिऱ्हाइकाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. मामी आत बसून काज-बटणं करते. पूर्वी लग्नाचे सूट असायचे. आता लोक तयार कपडे घेतात आणि मामाकडे फक्त लांबी कमी करायला येतात. धड असं एकच काम दुकानात उरलं होतं, ते म्हणजे क्लबाचा कोट.

क्लबाने आयुष्यात एकदाच कप जिंकला, तेव्हा मी चौथीत होते. त्या आनंदात कमिटीने मॅनेजरसाठी गडद निळा कोट शिवून घेतला, खिशावर क्लबाचं चिन्ह, सगळं मामाच्या हातचं. मॅनेजरने मॅचला हाच कोट घालून मैदानाच्या कडेला उभं राहायचं, असा ठरावही केला. पुढे कप पुन्हा आला नाही, आणि दुसरा कोटही आला नाही. कपवाला मॅनेजर म्हातारा होऊन घरी गेला आणि मग सुरू झाली रांग. एक काढला की कोट दुकानात यायचा, मामा तो उसवायचा, दुसऱ्याच्या मापाचा करायचा. मामाला मॅनेजरांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत. तो त्यांना छातीच्या मापाने ओळखतो. कपवाला चव्वेचाळीस. त्याचं माप उच्चारताना मामाचा आवाज आजही हळवा होतो, जरी त्याच्याही काळात मामाने पूर्व बाजू डोक्यावर घेतली होती. त्यानंतर बेचाळीस, चाळीस, पुन्हा एक बेचाळीस, असं करत करत एक प्रचंड सेहेचाळीस आला, त्याने आत दाबलेलं सगळं जादा कापड संपवलं आणि सात आठवड्यांत गेला.

या मापांवर मामाने एक शास्त्र उभं केलं होतं. खांदे उतरते, म्हणजे हा माणूस मागे मागे खेळवणार. हात लांब, म्हणजे हरल्यावर दुसऱ्याकडे बोट दाखवणार. पोट सुटलेलं, म्हणजे मध्यंतरानंतर संघ बसणार. चौथ्या मॅनेजरपासून तर त्याने कोट मशीनवर घेणंच सोडलं. ट्रायलसाठी घालतात तसा हाताने कच्चा टाका, पांढऱ्या दोऱ्याचा, लांब लांब, अस्तराच्या आतून. "तीन महिने धरला म्हणजे झालं," तो म्हणायचा. "पुढच्या वेळी उसवायला सोपा." हे फक्त मामीला आणि मला माहीत होतं. मामी बटणं मात्र पक्की लावायची. "माझ्या हातून नाही होत असलं काम," म्हणायची आणि मामाकडे न बघता दोरा तोडायची.

बारावा आला त्या दिवशी मी पडद्यांचं कापड घेऊन दुकानात गेले होते. शाळेत खेळ शिकवलेला, काटकुळा, पन्नाशीचा माणूस. मामाने छातीभोवती टेप फिरवली, एकदा वाचली, खात्री पटेना म्हणून पुन्हा वाचली. "अडतीस," तो म्हणाला. तो माणूस हात पसरून आरशासमोर उभा होता. त्याने विचारलं, "मास्तर, तुम्ही सातव्या रांगेत बसता ना? तिथून आमची डावी बाजू कशी दिसते?"

नऊ वर्षं मामा सगळ्या गावाला ऐकू जाईल असा बोलत होता, पण त्याला विचारलं असं कुणी नव्हतं. त्याच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे उत्तर राहून गेलं. माणूस गेल्यावर टाचण्या काढून म्हणाला, "अडतीस! अकरा दांडगट सांभाळायला हा? वाऱ्याने उडेल." आणि कच्चा टाका घालायला बसला.

मामाचं म्हणणं खरं ठरायला फार वेळ लागला नाही. आम्ही हरत गेलो. आमचा गोलकीपर चेंडू अडवण्यापेक्षा तो परत आणून देण्यात तरबेज होता, आणि पुढे खेळणाऱ्या पोराने हंगामातला पहिला गोल केला तो आमच्यावरच. अडतीसने बचावाला पाच जण ठेवले की मामा म्हणायचा, "भित्रा आहे." तीन ठेवले की, "बेफिकीर आहे." चार ठेवले की, "याला स्वतःचं असं काही डोकंच नाही." तिसऱ्या मॅचला चष्मा खिशात गेला. पण या वेळी एक अडचण झाली. बारा वेळा माणूस बदलणाऱ्या क्लबात तेरावा यायला कुणी तयार होईना. अडतीस राहिला. आठ महिने मामा ओरडत राहिला, आठ महिने अडतीस तोच कोट घालून मैदानाच्या कडेला उभा राहिला.

एका दुपारी जेवताना मामा मॅनेजरांवर घसरला असताना मामीने भाजी वाढता वाढता विचारलं, "अहो, दुकानात गेल्या पाच वर्षांत नवे सूट किती शिवले?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"मी पाच वर्षं इथे बघत बसलेय. काढलं का मी तुम्हाला?"

मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो अर्ध्या जेवणावरून उठला आणि दोन दिवस फक्त माझ्याशी बोलला, तेही फुटबॉलवर.

हंगामाची शेवटची मॅच अशी आली की बरोबरी झाली तरी आम्ही लीगमध्ये राहणार, हरलो तर खालच्या लीगमध्ये जाणार, आणि अडतीस घरी जाणार. दहा मिनिटं उरली होती आणि एक-एक अशी बरोबरी होती. सातव्या रांगेत कुणी श्वास घेत नव्हतं. आमचा डावा बचावपटू उगाचच पुढे धावत गेला आणि त्याच्यामागे मोठी मोकळी जागा पडली. मला ती दिसली नाही, मामालाही दिसली नाही, अडतीसला दिसली. तो रेषेपर्यंत पळाला, त्या पोराला हाक मारली आणि मागे ये म्हणून उजवा हात पूर्ण वर केला.

बाही खांद्यातून निघाली. निघाली म्हणजे कोपरापर्यंत घसरली आणि तिथे लोंबत राहिली, पांढरे दोरे बाहेर. पूर्व बाजू खदाखदा हसली. डाव्या बचावपटूने हाक ऐकून वळून पाहिलं, त्याला आपला मॅनेजर अर्ध्या कोटात दिसला, आणि तो जागच्या जागी थांबून हसायला लागला. चेंडू बरोबर त्या मोकळ्या जागेतून गेला. दोन-एक.

शिट्टी वाजली तेव्हा सातवी रांग मामाकडे बघत होती, सुरुवात त्याने करायची म्हणून. मामाच्या हातात चष्मा होता. तो खाली बसला. मी त्या पांढऱ्या दोऱ्यांकडे बघत होते, तोही तिकडेच बघत होता. मग मागून कुणीतरी ओरडलं, "ज्याला कोट सांभाळता येत नाही, तो संघ काय सांभाळणार? काढा याला!" आणि मामाशिवाय सगळं नीट पार पडलं. नऊ वर्षं तालीम झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून दुकानात गेले. मामा मशीनसमोर रिकामा बसला होता. अकराच्या सुमाराला अडतीस आला, हातावर कोट, पिशवीत बाही.

"पाच वाजता कमिटीची बैठक आहे," तो म्हणाला. "कोट जमा करायचाय. फाटका द्यायला बरं वाटत नाही."

मामा उठला. मी त्याला मुकादमासारखा बोलताना पाहिलंय, न्यायाधीशासारखा बोलताना पाहिलंय. या वेळी तो टेबलावरची टेप बोटाभोवती गुंडाळत बोलला. "फाटलेला नाही," तो म्हणाला. "टाका कच्चा होता. मी घातला होता. तीन महिन्यांच्या हिशेबाने."

"माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी. बाहीत हात घातला तर दोरा बोटाला लागला. म्हटलं, आपण जिंकायला लागलो की मास्तर पक्का घालतील." तो थोडासा हसला. "म्हणून मी हंगामभर हात खालीच ठेवायचो. ओरडून भागवायचो."

"मग काल कशाला वर केलात?"

"गोल वाचवायचा होता, मास्तर."

मामाने कोट घेतला आणि पाठ वळवली. आतल्या कोपऱ्यात मामीची सुई थांबलेली मला कळली. अडतीस तिथल्या स्टुलावर बसून राहिला, आणि मामाने दार लोटून घेऊन कोट मशीनवर घेतला. नुसती बाही नाही, सगळा कोट. बाजू, पाठ, खांदे, एकेक शिवण उसवून पक्की घातली, वर दुसरी शिलाई मारली. मग मोठी कात्री घेतली आणि आत दाबलेलं कापड, बेचाळीस, चव्वेचाळीस, सेहेचाळीस अशा सगळ्या छात्यांसाठी जपून ठेवलेलं, शिवणीपासून बोटभर अंतरावर कापून टाकलं. निळ्या पट्ट्यांचा ढीग टेबलाखाली पडला. मी म्हटलं, "मामा, आता हा दुसऱ्या कुणाला होणार नाही." तो म्हणाला, "गप्प बस."

चार वाजता सेक्रेटरी स्वतः आला. त्याचं फरश्यांचं दुकान आहे, त्यामुळे तो कुठल्याही जागेकडे मोजल्यासारखा बघतो. अडतीसकडे मात्र न बघता त्याने मामापुढे चिठ्ठी धरली. तेरावा शेवटी सापडला होता. छाती चव्वेचाळीस.

"होणार नाही," मामा म्हणाला.

"थोडं सोडा की आतून."

"सोडायला काही ठेवलं नाही. आणि एक लिहून घ्या. तो गोल यांच्यामुळे नाही झाला. माझ्या टाक्यामुळे झाला."

सेक्रेटरीने चिठ्ठी घडी करून खिशात घातली. "मास्तर, ठरावात शिंपी कसा लिहिणार? शिंप्याला काढता येत नाही." मग त्याने कोट उलटा करून पाहिला, शिवणी चाचपल्या आणि त्याचा चेहरा उतरला.

बैठकीत अडतीसला काढायचा विषय पाच मिनिटांत मंजूर झाला. मग कोटाचा विषय निघाला. नवा शिवायचा तर कापडाची निवड, कापडासाठी उपसमिती, चिन्ह मोठं की लहान यावर दोन गट. जुना ठराव रद्द करून बिनकोटाचा मॅनेजर ठेवावा, असं एकजण म्हणाला, तर कपाच्या वर्षातले तीन म्हातारे सभात्याग करायला उठले. रात्रीच्या जेवणाची वेळ झाली तशी सगळ्यांना भूक लागली, आणि नवा कोट होईपर्यंत ज्याला जुना बसतो तोच चालू द्यावा असं एकमताने ठरलं. तेरावा वाट बघून दुसऱ्या क्लबात गेला. कापडाची उपसमिती अजून बसते आहे.

या हंगामात आम्ही खालच्या लीगमध्ये आहोत आणि तिथेही खालीच आहोत. पहिली मॅच हरलो, मामा गप्प. दुसरी हरलो, मामाने सुस्कारा सोडला, पण तो जिना चढल्याचा असावा. तिसरीला मध्यंतराआधीच दोन गोल झाले. सातव्या रांगेने माना वळवल्या. मामा उभा राहिला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"राहू द्या त्याला!" मामा ओरडला.

कुणीच उचललं नाही. असलं काही ओरडायची आमच्याकडे कुणाला सवय नाही. मागून एकजण म्हणाला, "मास्तर, खाली बसा, दिसत नाहीये." मामा खाली बसेना. मग माझ्याच्याने राहवलं नाही, मीही उभी राहिले आणि तक्रार खिडकीवर बारा वर्षं ऐकलेला सगळा आवाज काढून तेच ओरडले.

मैदानाच्या कडेला अडतीसने वळून पाहिलं. कुठून आवाज आला ते शोधायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्याने आमच्या दिशेने उजवा हात सरळ वर केला.

ती मॅच आम्ही तीन-शून्य हरलो. मामाला विचाराल तर त्याला स्कोअर सांगता येणार नाही. तो फक्त त्या खांद्याकडे बघत होता, आणि बाही जागची हलली नाही.