नुसता ऐकायचा फोन

जुन्या बाजारातून आणलेली ती काळी, जड वस्तू टेलिफोनची आहे एवढं कळत होतं. पण तिच्यात बोलायला जागाच नव्हती. वरची कडी पाहून एकदाचा उलगडा झाला. हा जादाचा रिसीव्हर. पूर्वी तो फोनला लटकवलेला असे. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं हा कानाला लावून नुसतं ऐकायचं.

मी आतली गंजलेली चकती घासली, कुजलेली वायर बदलली, पितळेला चिंच लावली. बॅटरीची टोकं टेकवताच आत ‘कट्’ झालं.

“अगं, वाजला!” मी स्वयंपाकघराकडे बघून ओरडलो. मग आठवलं, सुमनला जाऊन वर्ष होत आलं.

आमच्या घरातला जादाचा रिसीव्हर मीच. परदेशातून मुलाचा फोन आला की ती बोलायची, मी शेजारी बसून ऐकायचो. “बाबाही ऐकताहेत हं,” असं ती शेवटी सांगायची, की झालं माझं बोलणं.

मुलगा अजून दर रविवारी फोन करतो. “बाबा, बोला ना काहीतरी.” मी फोन कानाशी घट्ट दाबतो. शब्द फुटत नाही. मग तोही गप्प होतो. माझाच मुलगा तो. सात समुद्रांच्या अल्याड-पल्याड आम्ही दोघं नुसते ऐकत राहतो.