नाव काय म्हणालात?

त्याची नजरच मला पटली नाही. साकीनाक्याला माझी स्कूटी घसरली, मी रस्त्यावर आपटले आणि हेल्मेट निघून बाजूला पडलं, तेव्हा गर्दीतून हा चेक्सच्या शर्टातला माणूस पुढे आला. उकिडवा बसला, मनगटावर दोन बोटं ठेवली आणि टक लावून डोळ्यांत बघत राहिला. मी पर्स पोटाशी धरली.

“हलू नका ताई. नाव काय?”

“सुनीता,” मी ठोकून दिलं.

“राहता कुठे? घरी कोण आहे आता?”

घरी कोण आहे, हे याला कशाला हवंय?

“मुलुंडला. दोन दीर आहेत घरी. दोघंही पोलिसात.”

तो वाकून आधी माझ्या एका कानात डोकावला, मग दुसऱ्यात. माझ्या कुड्या सोन्याच्या होत्या. मी कानांवर हात ठेवले.

“नाव काय म्हणालात?” त्याने पुन्हा विचारलं.

मघाशी काय सांगितलं तेच आठवेना. “अनिता.”

“राहता?”

“बोरिवलीला.”

तो ताडकन उठला. “डोक्याला मार आहे! रिक्षा थांबवा रे!”

दवाखान्यातही तो माझं हेल्मेट मांडीवर घेऊन बसून होता. डॉक्टरांनी नाव विचारलं. मी खरं ते सांगितलं, “वैशाली.”

तो घाबरून पुढे आला.

“डॉक्टर, वाढतंय. हे तिसरं नाव.”