दार नसलेल्या घरातली चिमणी

माझं माहेर सोनईचं. तिथं दार म्हणजे दार होतं, जाड फळ्यांचं, कडी-कोयंड्याचं, भर दुपारीसुद्धा आतून लावलेलं. आणि लग्न होऊन आले ती शिंगणापुरात! इथं चौकट आहे, दार नाही. शनिदेव राखण करतो म्हणून गावात कुणी दार बसवतच नाही. कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी टेकवायची, झालं.

मला काही ते पचेना. भाकरी थापता थापता मी चारदा मागं वळून बघायची. सासूबाई हसायच्या. "अगं, कोन न्हेनार हाय आन् काय? ती तुझी फुटकी परात व्हय?" हसा म्हणावं खुशाल. माझ्या जिवाची घालमेल मलाच ठाऊक.

म्हणूनच की काय, तीन वर्षांच्या लेकीला मी रोज एकच गोष्ट सांगायची. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पावसात त्याचं वाहून जातं, तो तिच्या दाराशी येतो, आणि चिमणी आतूनच त्याला थांबवत राहते, बाळाचं हे आवरायचंय, ते आवरायचंय म्हणत. मोठ्या हौसेनं सांगायची मी. बाईमाणसानं असं सावध असावं, हा मी त्यातून काढलेला धडा. लेक मात्र विचारायची, "आई, दार कसं असतं गं?" आजोळी पाहिलेलं तिला बापडीला आठवणार कुठं!

मग तो मोठा दुष्काळ आला. विहिरी आटल्या. सासूबाई आणि हे खडी फोडायच्या कामावर जायचे. मला सातवा महिना, म्हणून मी घरी. सासूबाई पहाटे दीड कोसावरून एक हंडा पाणी आणून ठेवायच्या. तो संध्याकाळपर्यंत पुरवायचं काम माझं, आणि माझं सगळं लक्ष त्या हंड्यात.

एका दुपारी लेकीची वेणी घालत होते, तर चौकटीत सावली पडली. एक बाई, डोक्यावर बोचकं, काखेत वर्षाचं पोर. बोलण्यावरून पार खर्ड्याकडची वाटली. कामाच्या शोधात तिकडची माणसं पायी यायची तेव्हा. फळीबाहेरच उभी राहून ती म्हणाली, "बाई, लेकरापुरतं घोटभर पानी देता का?"

हंडा तिच्या डोळ्यांसमोरच होता. दार असतं तर सरळ लावून घेतलं असतं, खोटं कशाला बोलू? "थांबा जरा, पोरीची वेणी घालते," असं म्हणून मी तिच्याकडे पाठ केली. वेणी झाली. ती सोडली, पुन्हा घातली. कंटाळेल, जाईल, दुसरं घर बघेल. "थांबा हं, हिचं तोंड पुसते." कोरड्याच पदरानं पुसत बसले.

लेकीचे डोळे चमकले. टाळ्या पिटत ती ओरडली, "आई, आता काजळ! मग तीट! मग पाळण्यात घाल!"

मी स्वतःलाच म्हटलं, अगं भवाने, करतेस काय तू हे? वळून बघते, तर चौकट रिकामी.

तांब्या बुडवला आणि तशीच, अवघडलेल्या पोटानं, धावत सुटले. फळी लावायचंसुद्धा सुचलं नाही. लेक पाठीमागं रडत येतेय, घर सताड उघडं, हंडा उघडा, आणि मला नुसती लाज वाटत होती.

वळणावरच्या लिंबाखाली ती बसली होती. पोर मांडीवर मलूल पडलेलं. मला बघताच लगबगीनं उठली. आता ही चार शब्द सुनावणार, आणि आपण ते मुकाट ऐकून घ्यायचे, असं ठरवून मी उभी राहिले.

"आवरलं का तुमच्या लेकराचं?" तिनं विचारलं. "लेकराचं करायला येळ लागतोच की. म्हनलं तवर सावलीत बसावं."

टोमणा नव्हता तो. खरंच वाटलं होतं तिला. तांब्या पुढं केला तेव्हा दिसलं, धावताना निम्मं पाणी वाटेतच सांडलं होतं. उरलेलं पोरानं घटाघटा पिऊन टाकलं.

"तुमच्यासाठी अजून आणते," मी कशीबशी म्हणाले.

तिनं माझ्या पोटाकडं पाहिलं. "सावकास जावा, बाई," ती म्हणाली. "आमी थांबतो."